नेटवर्क बॅकअपचा सारांश अहवाल : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

हे पान वणी–पांढरकवडा पट्ट्यातील आमच्या जिनिंग-प्रेसिंगच्या मुख्य कार्यालयात आणि कापूस खरेदी केंद्रांवर संगणक हाताळणाऱ्या सहकाऱ्यांसाठी लिहिले आहे. काट्यावरची वजने, शेतकऱ्यांच्या चुकाऱ्यांच्या नोंदी, गाठींचे रजिस्टर आणि हिशेबाच्या फाइली यांचा बॅकअप रोज रात्री मुख्य कार्यालयातील सर्व्हरवर घेतला जातो आणि त्या कामाचा सारांश अहवाल सकाळी ईमेलने येतो. त्यासाठी आम्ही अमांडा ही मुक्त प्रणाली वापरतो. आज्ञांची नावे येथे उच्चाराप्रमाणे देवनागरीत दिली आहेत; प्रत्यक्ष टंकताना ती रोमन लहान अक्षरांत, मधे जागा न सोडता टंकावीत.

सारांश अहवाल म्हणजे नेमके काय, आणि तो कोण तयार करते?

रात्री ठरलेल्या वेळी सर्व्हरवर एएमडंप ही आज्ञा आपोआप सुरू होते. तिचा नियोजक भाग आधी प्रत्येक केंद्रावरच्या संगणकाला विचारतो की, आज तुझ्याकडे अंदाजे किती माल (म्हणजे बॅकअपला घ्यायचा डेटा) आहे. मग डंपर तो माल आणतो आणि टेपर तो कायमच्या साठ्यात उतरवतो. हे करताना प्रत्येक भाग आपापली नोंद एका लॉग फाइलमध्ये लिहीत जातो. सगळे काम आटोपल्यावर एएमरिपोर्ट ही वेगळी आज्ञा तीच लॉग फाइल वाचते, तिच्यातील नोंदी माणसाला समजतील अशा रीतीने मांडते आणि ठरलेल्या पत्त्यावर पाठवते.

अहवालात जागोजागी ‘टेप’ हा शब्द दिसतो आणि आमच्याकडे तर टेप नावाची वस्तूच नाही, अशी शंका नेहमी येते. अमांडा ही प्रणाली अमेरिकेतील मेरीलंड विद्यापीठात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला तयार झाली. त्या काळी बॅकअप चुंबकीय टेपवरच घेत असत, म्हणून तो शब्द तिच्यात कायम राहिला. आमच्या सर्व्हरला जोडलेल्या बाहेरच्या हार्ड डिस्कवर क्रमांक दिलेले फोल्डर केलेले आहेत आणि प्रणाली त्यांनाच टेप समजते.

अहवाल चुकून डिलीट झाला. तो पुन्हा काढता येतो का?

होय, कितीही वेळा काढता येतो, कारण मूळ नोंद लॉग फाइलमध्ये असते आणि अहवाल हे केवळ तिचे वाचन असते. अमांडाच्या वापरकर्त्याच्या खात्यातून एएमरिपोर्ट ही आज्ञा आपल्या कॉन्फिगरेशनच्या नावासह द्यावी. जुन्या रात्रीचा अहवाल हवा असेल, तर उणे चिन्हापुढे लहान एल हे अक्षर टंकून त्या रात्रीच्या लॉग फाइलचे नाव लिहावे. लॉग फाइलच्या नावातच रन (म्हणजे त्या रात्रीचे बॅकअपचे काम) सुरू झाल्याची तारीख आणि वेळ सलग १४ अंकांत असते, म्हणून हवी ती फाइल शोधायला वेळ लागत नाही. मजकूर ईमेलऐवजी फाइलमध्ये घ्यायचा असल्यास त्याच पद्धतीने एफ हा पर्याय वापरावा.

पुन्हा अहवाल काढणे म्हणजे पुन्हा बॅकअप घेणे नव्हे. एका केंद्रावर असा समज झाला होता की, अहवाल नव्याने काढला म्हणजे राहिलेला बॅकअपही पूर्ण होतो. तसे काही होत नाही.

अहवाल लांबलचक असतो. वाचायला सुरुवात कोठून करावी?

सर्वांत आधी ईमेलच्या विषयाची ओळ पाहावी. काही बिघडले असेल, तर तेथेच ‘फेल’ हा शब्द दिसतो. त्यानंतर मजकुराच्या अगदी वरच्या तीन-चार ओळी वाचाव्यात. आजचा माल कोणत्या टेपवर गेला आणि पुढच्या रात्री कोणती टेप लागणार, हे तेथे लिहिलेले असते. टेपच सापडली नाही, तर तशी तारांकित सूचनाही तेथेच येते. तिच्याखाली अपयशांचा आणि विचित्र नोंदींचा विभाग असतो. तो रिकामा असल्यास बाकीचा अहवाल चहा घेता घेता वाचला तरी चालेल. आकडेवारी, टिपा आणि शेवटचा तक्ता यांची पाळी त्यानंतर येते. बहुतेक जण सरळ तक्त्याकडे वळतात, कारण तो नीटनेटका दिसतो. परंतु जो संगणक रात्री बंद होता, त्याची बातमी वरच्या विभागात सविस्तर असते आणि तक्त्यात मात्र केवळ एक त्रोटक शब्द असतो.

टेप सापडली नाही असे लिहून आले, तर त्या रात्रीचा माल गेला का?

सहसा जात नाही. टेप नसली तर प्रणाली माल सर्व्हरच्या तात्पुरत्या डिस्कवर ठेवून घेते. बाहेरची हार्ड डिस्क पुन्हा जोडावी (ती लग्नाचे फोटो भरायला कोणी नेली होती, याची चौकशी नंतर करावी) आणि एएमफ्लश ही आज्ञा द्यावी. म्हणजे अडकलेला माल टेपवर उतरतो आणि त्या उतरवणीचाही स्वतंत्र अहवाल येतो. मात्र हे काम दुसऱ्या दिवसावर ढकलू नये. मूळ मांडणीनुसार टेप नसताना तात्पुरत्या डिस्कची जागा केवळ बदललेल्या फाइलींसाठी राखून ठेवली जाते, त्यामुळे पूर्ण बॅकअप टेप मिळेपर्यंत लांबणीवर पडत राहतात.

तक्त्यातील एक ओळ उदाहरण घेऊन समजावून सांगाल का?

केंद्रावरच्या काट्याच्या संगणकाची ओळ घेऊ. समजा तीत डावीकडून उजवीकडे हे लिहिलेले आहे : काटा-१, डेटा फोल्डर, १, १८४३२०, ६२६६९, ३४.०, २:०५, ५०१.४.

पहिले दोन रकाने संगणकाचे आणि फोल्डरचे नाव सांगतात. त्यापुढचा १ ही बॅकअपची पातळी आहे, तिच्याविषयी पुढच्या प्रश्नात लिहिले आहे. १८४३२० हा मूळ मालाचा आकार किलोबाइटमध्ये आहे, म्हणजे बरोबर १८० मेगाबाइट. ६२६६९ हा दाबून लहान केल्यानंतरचा आकार आहे. ३४.० हा आकडा आपल्या माणसांना समजावणे सर्वांत सोपे आहे, कारण तो आपला उतारा आहे. शंभर किलो कापूस रेचला की त्यातून जशी तेहतीस-पस्तीस किलो रुई निघते, तसे येथे शंभर किलोबाइटमधून चौतीस किलोबाइट उरले. फरक इतकाच की, रुईचा उतारा जास्त आला तर शेठ खूश होतात आणि येथे उतारा जितका कमी, तितकी जागा वाचते.

वजनांच्या नोंदी आणि हिशेबाच्या फाइली छान दाबल्या जातात. स्कॅन केलेले सातबारे, छायाचित्रे आणि आधीच झिप केलेल्या फाइली मुळातच दाबलेल्या असतात, त्यामुळे त्या फोल्डरचा उतारा नव्वदच्या वर दिसला तर त्यात बिघाड नाही. पण ज्या फोल्डरचा उतारा महिनोन् महिने ३४ च्या आसपास होता, तो एका रात्रीत ९८ झाला, तर अवश्य चौकशी करावी. कोणीतरी तेथे चित्रपट ठेवलेले असतात. क्वचित, आणि हे गंभीर आहे, एखाद्या खंडणीखोर विषाणूने फाइली कुलूपबंद केलेल्या असतात, कारण कुलूपबंद केलेली फाइल दाबली जात नाही.

२:०५ म्हणजे दोन मिनिटे पाच सेकंद. ते तास नव्हेत. शेवटचा आकडा प्रतिसेकंद किलोबाइटचा वेग आहे. ६२६६९ ला १२५ सेकंदांनी भागले की तोच येतो, म्हणजे हा वेग दाबलेल्या मालाचा असतो. उजवीकडे वेळ आणि वेग हे दोन रकाने पुन्हा दिसतात, ते टेपवर उतरवण्याचे असतात.

पातळी ०, १ आणि २ यांचा अर्थ काय?

० म्हणजे संपूर्ण फोल्डरचा पूर्ण बॅकअप. १ म्हणजे शेवटच्या पूर्ण बॅकअपनंतर जे बदलले तेवढेच, आणि २ म्हणजे शेवटच्या १ नंतर जे बदलले तेवढेच. आमच्याकडे डंपसायकल, म्हणजे पूर्ण बॅकअप पुन्हा घेण्याची मुदत, सात दिवसांचे आहे, म्हणून प्रत्येक फोल्डरसमोर आठवड्यातून किमान एकदा ० दिसायला हवे. ते कोणत्या वारी दिसावे हे आपण ठरवत नाही. सर्व पूर्ण बॅकअप एकाच रात्री येऊन लाइन तुंबू नये म्हणून नियोजकच ते आठवडाभर विभागून टाकतो. टिपांच्या विभागात अमुक फोल्डरचा पूर्ण बॅकअप इतके दिवस आधी ओढून घेतला असे वाक्य येते, ते याच वाटणीचे असते. ते पाहून घाबरू नये.

‘स्ट्रेंज’ असा शेरा आला, तर बॅकअप झाला की नाही?

झाला, परंतु तो घेताना अनपेक्षित असे काहीतरी दिसले. अपयशांच्या विभागात खाली तपशील असतो आणि त्यातील प्रश्नचिन्हाने सुरू होणारी ओळ तेवढी वाचायची असते. उभ्या रेघेने सुरू होणाऱ्या ओळी नेहमीच्या असतात. आपल्याकडे सर्वाधिक वेळा येणारी ओळ अशी असते की, फाइल वाचत असतानाच ती बदलली. हंगामात काटा रात्री उशिरापर्यंत चालू असतो, शेवटच्या बैलगाड्या आणि मेटॅडोर वजनासाठी रांगेत असतात आणि बॅकअप त्याच वेळी सुरू होतो. अशा वेळी ती फाइल अर्धी जुनी आणि अर्धी नवी अशी साठवली गेलेली असू शकते. एखाद्या मजकुराच्या फाइलला त्याचे फारसे सोयरसुतक नसते, पण काट्याच्या डेटाबेसला असते. म्हणून दिवाळीपासून हंगाम ओसरेपर्यंत आम्ही बॅकअपची वेळ मध्यरात्रीनंतर ठेवतो आणि त्याआधी डेटाबेसची वेगळी प्रत फोल्डरमध्ये काढून ठेवतो.

एखाद्या केंद्राचा संगणक वारंवार ‘फेल्ड’ दाखवतो. दोष सर्व्हरचा आहे का?

दहापैकी नऊ वेळा नाही, असे मी अनुभवाने म्हणेन. तपशिलात ‘टाइमआउट’ हा शब्द असेल, तर सर्व्हरने हाक मारली आणि समोरून ओ आली नाही, एवढाच त्याचा अर्थ. केंद्र बंद करताना मेन स्विच खाली ओढण्याची आपल्याकडे जुनी आणि शहाणपणाची सवय आहे, विशेषतः वळवाच्या दिवसांत, जेव्हा विजेच्या एका कडाक्यात मॉडेम जळून जाते. पण मेन स्विच पडला की काट्याचा संगणकही झोपतो. त्यावर उपाय म्हणजे संगणक आणि राउटर यांची स्वतंत्र वायरिंग आणि त्यावर सर्ज संरक्षक. भारनियमनाच्या वेळा बदलतात, तेव्हा बॅकअपची वेळही बदलावी लागते. ते तक्रार करून सुटणारे काम नाही. पोळा आणि दुसऱ्या दिवशीची कर, या दोन्ही रात्री केंद्रे बंदच असतात. त्या दिवसांचे अपयश वहीत तसे लिहून सोडून द्यावे.

दुपारी चार वाजता सर्व्हर एएमचेक ही तपासणी आपोआप करतो आणि काही अडले असेल तरच ईमेल पाठवतो. संगणक बंद आहे हे कार्यालय सुटण्यापूर्वी कळले, तर एका फोनवर काम भागते. सकाळच्या अहवालातून कळले, तर ती रात्र गेलेली असते.

सकाळी अहवाल आलाच नाही. सगळे ठीक आहे असे समजावे का?

नाही. अहवाल न येणे ही सर्वांत वाईट बातमी आहे, असेच धरून चालावे.

अहवाल रनच्या शेवटी निघतो. रन चालू असताना सर्व्हरची वीज गेली आणि यूपीएसची बॅटरीही उतरली, तर शेवट येतच नाही आणि अहवालही निघत नाही. लॉग फाइल मात्र अर्धवट अवस्थेत तशीच पडलेली असते. अशा वेळी एएमक्लीनअप ही आज्ञा ती अर्धवट फाइल आवरून घेते आणि झाले तेवढ्या कामाचा अहवाल पाठवते. सर्व्हर सुरू होताना ही आज्ञा आपोआप चालावी अशी व्यवस्था आम्ही केली आहे, म्हणून वीज पहाटे आली असेल तर अहवालही पहाटेचाच येतो आणि त्यात काही फोल्डरसमोर ‘मिसिंग’ असे लिहिलेले असते. हे फोल्डर यादीत होते, पण त्यांच्याविषयी लॉगमध्ये काहीच नोंद मिळाली नाही, असा त्याचा अर्थ.

वीज गेलेली नसताना अहवाल आला नाही, तर क्रमाने तीन गोष्टी पाहाव्यात. पहिली, मुख्य कार्यालयाचे इंटरनेट चालू होते का. ईमेल सर्व्हरच्या रांगेत अडकून पडलेला असू शकतो. दुसरी, मुख्य कॉन्फिगरेशन फाइलमध्ये मेलटू या शब्दापुढे चालू पत्ता आहे का. तिसरी, रन अजून संपला तरी आहे का. एएमस्टेटस ही आज्ञा ते सांगते.

रोजचा ईमेल नको. फक्त बिघाड झाला तरच अहवाल यावा, असे करता येईल का?

करता येते. कॉन्फिगरेशनमध्ये त्यासाठी एक पर्याय आहे आणि त्याला सगळे, विचित्र, चूक आणि कधीच नाही या अर्थांची चार मूल्ये देता येतात. काही न लिहिल्यास अहवाल रोज येतो. आम्ही तो बदललेला नाही आणि बदलू नये असे माझे स्पष्ट मत आहे. बिघाडाच्या वेळीच येणारा ईमेल आणि सर्व्हरच बंद पडल्यामुळे न येणारा ईमेल, हे दोन्ही सकाळी इनबॉक्समध्ये अगदी सारखे दिसतात, म्हणजे दिसतच नाहीत.

याची किंमत आम्ही एका हंगामात मोजली आहे. अहवाल ज्या पत्त्यावर जात होता, तो सहकारी नोकरी सोडून गेला आणि पत्ता बदलायचे राहून गेले. एका केंद्राच्या काट्याचा संगणक अकरा रात्री ओ देत नव्हता. प्रत्येक अहवालात तसे लिहिलेले होते आणि एकही अहवाल कोणी उघडला नव्हता. बाराव्या दिवशी त्या संगणकाची डिस्क गेली. मग पिवळ्या पडलेल्या कार्बनच्या काटापावत्या पोत्यातून काढून, तीन माणसे आठ दिवस बसून, वजने पुन्हा टंकत होती. ज्या पावत्यांवर चुन्याची किंवा तेलाची बोटे उमटली होती, त्यांच्यासाठी शेतकऱ्यांना निरोप धाडून त्यांच्याकडची प्रत मागवावी लागली आणि तोवर त्यांचे चुकारे अडकले. तेव्हापासून मेलटूपुढे दोन पत्ते असतात आणि त्यांतील एक व्यक्तीचा नसून पदाचा असतो.

टिपांमध्ये शेवटचा पूर्ण बॅकअप इतक्या रननंतर ‘ओव्हरराइट’ होईल असे लिहून येते. याकडे लक्ष द्यावे का?

सर्वाधिक लक्ष याच ओळीकडे द्यावे. टेप ठरावीक संख्येने असतात आणि फिरून फिरून वापरल्या जातात. एखाद्या फोल्डरचा पूर्ण बॅकअप बरेच दिवस झालाच नाही, तर त्याचा शेवटचा पूर्ण बॅकअप असलेली टेप पुन्हा लिहिली जाण्याची पाळी येते. ती पुसली गेली की त्यानंतरचे १ आणि २ पातळीचे बॅकअप असून नसल्यासारखे होतात, कारण त्यांना पाया उरत नाही. ही ओळ दिसली की त्याच दिवशी एएमअॅडमिन आज्ञेने त्या फोल्डरवर पूर्ण बॅकअपची सक्ती करावी आणि त्या रात्री तो संगणक चालू राहील याची हमी केंद्रावरून घ्यावी.

आमच्या केंद्राचा वेग फार कमी दिसतो. किती वेग योग्य समजावा?

लाइनच्या क्षमतेवरून हिशेब करावा. मेगाबिटला आठाने भागले की मेगाबाइट मिळतात, म्हणजे केंद्राकडून माल पाठवण्याची क्षमता ४ मेगाबिट असेल, तर प्रतिसेकंद जास्तीत जास्त ५०० किलोबाइटच्या आसपास माल येईल. ३ गिगाबाइट माल आणायला त्या वेगाने सुमारे पावणेदोन तास लागतात. अहवालात याच्या जवळपासचा आकडा असेल, तर लाइन भरून वाहत आहे आणि सर्व्हर बदलून काही उपयोग नाही. माल कोठे दाबला जातो हे मात्र तपासावे. तो सर्व्हरवर दाबला जात असेल, तर लाइनवरून मूळ आकाराचाच माल येत असतो. अशा केंद्रांसाठी दाबण्याचे काम केंद्राच्याच संगणकाकडे सोपवावे. काट्याचा संगणक विंडोजचा असून त्याचे फोल्डर सांबाच्या (विंडोजचे फोल्डर नेटवर्कवरून वाचणाऱ्या सोयीच्या) मार्गाने घेतले जात असेल, तर हा उपाय लागू पडत नाही.

तक्त्यात फोल्डरची नावे अर्धीच दिसतात आणि आकडे एकमेकांना चिकटतात. हे सुधारता येते का?

येते. कॉलमस्पेक या पर्यायात प्रत्येक रकान्याची रुंदी देता येते आणि रुंदी उणे एक दिल्यास रकाना मजकुराप्रमाणे रुंदावतो. डिस्प्लेयुनिट या पर्यायाने किलोबाइटऐवजी मेगाबाइट किंवा गिगाबाइट दाखवता येतात.

अहवालात सर्व काही ठीक आहे. म्हणजे फाइली हमखास परत मिळतील ना?

असे अहवाल म्हणत नाही. माल आणला आणि टेपवर उतरवला, इतकेच तो सांगतो. चुकीचा फोल्डर यादीत असेल, तर तो चुकीच्या फोल्डरचा निर्दोष अहवाल देईल. काट्याचे सॉफ्टवेअर नव्या आवृत्तीत आपला डेटा दुसऱ्याच फोल्डरमध्ये ठेवू लागले, तेव्हा नेमके हेच घडण्याच्या बेतात होते आणि रोज ० किलोबाइटच्या आसपास दिसणाऱ्या आकड्यामुळे ते लक्षात आले. एएमचेकडंप ही आज्ञा साठवलेला माल वाचता येतो की नाही हे तपासते. त्याशिवाय प्रत्येक महिन्याच्या पहिल्या सोमवारी आम्ही एएमरिकव्हरने एका केंद्राची एक जुनी फाइल परत काढतो, ती उघडतो आणि तिच्यातील एक वजन कागदी काटापावतीशी ताडून पाहतो.

अहवाल किती दिवस जपून ठेवावेत?

ईमेल चालू हंगामाचे ठेवावेत. जुन्या लॉग फाइली प्रणाली स्वतःच वेगळ्या फोल्डरमध्ये हलवते. त्या हाताने पुसू नयेत. सर्व्हरशेजारच्या वहीत तारीख, अपयशी संगणक, कारण आणि अहवाल वाचणाऱ्याची सही एवढी एक ओळ रोज लिहावी, आणि सुटीच्या दिवसांच्या ओळी परत आल्यावर भरून काढाव्यात.